ऊब, चाल आणि विसावा : वैशालीच्या जंताघरापासून शाळेच्या मैदानापर्यंत

निवासी शाळेत काम करणाऱ्या शिक्षकाचा दिवस मुलांच्या आधी सुरू होतो. डिसेंबरातल्या काळोख्या पहाटे घंटा होते, अंथरुणे गोळा होतात, वंदना होते आणि अर्धवट झोपेतली मुले कवायतीसाठी मैदानात उभी राहतात. अशा कित्येक पहाटे आम्ही हातात शिट्टी घेऊन घालवल्या आहेत. त्यांपैकी एका पहाटेचे ऋण आमच्यावर अजून आहे, आणि हा लेख त्या ऋणातूनच लिहिला जात आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक मुलगा उशिरा परतला होता. आईवडील ऊसतोडीला गेलेले. हाही त्यांच्यासोबत महिनाभर फडावर राहून आलेला. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तो वंदनेला उशिरा आला. शिस्तीच्या त्या काळच्या कल्पनेनुसार आम्ही त्याला, थंडीने काकडत असतानाच, शंभर उठाबशा काढायला लावल्या. तिसऱ्या दिवशी तो जिन्यावरून भिंत धरून, पाठमोरा होऊन उतरताना दिसला. आम्ही म्हणालो, “घरी मोळ्या वाहतोस ना, मग इथे काय झाले?” तो खाली मान घालून म्हणाला, “सर, चढता येतं, उतरता येत नाही.” आम्ही त्याला सोंग समजलो.

त्या मुलाचे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने किती अचूक होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. व्यायामाआधी शरीराला ऊब का लागते, ती बाहेरून दिली तर काय साधते आणि काय साधत नाही, व्यायामानंतर स्नायू पूर्ववत कसे होतात, याचा अभ्यास आम्ही इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने सुरू केला. तेव्हा आढळले की या प्रश्नाचा एक धागा थेट विनयपिटकापर्यंत जातो. शाळेच्या या स्मरणिकेत तो धागा माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवावा, असे वाटले.

जीवकाची दुहेरी विनंती

चुल्लवग्गातील प्रसंग असा. वैशालीत भिक्खूंना एकामागून एक उत्तम भोजनाची निमंत्रणे येत होती. खाणे जड आणि हालचाल कमी, यामुळे भिक्खूंची शरीरे जडावली आणि आजारपणे वाढली. त्याच सुमारास जीवक कोमारभच्च काही कामानिमित्त वैशालीस आला. हा जीवक म्हणजे राजगृहात उकिरड्यावर टाकून दिलेले, अभय राजकुमाराने उचलून वाढवलेले मूल. पुढे तक्षशिलेला वैद्यक शिकून तो बिंबिसाराचा आणि संघाचा वैद्य झाला. त्याने भिक्खूंची अवस्था पाहिली आणि भगवंतांकडे दोन गोष्टींची अनुज्ञा मागितली. एक चंक्रमण, म्हणजे ठरावीक वाटेवर येरझाऱ्या घालण्याची सोय. दुसरी जंताघर, म्हणजे अग्नीने तापवलेले स्नानगृह. भगवंतांनी दोन्ही गोष्टींस अनुज्ञा दिली.

इथे लक्षात घेण्याजोगे हे की जीवकाने केवळ ऊब मागितली नाही आणि केवळ चालही मागितली नाही. दोन्ही एकत्र मागितल्या. या जोडीचे मर्म पुढे स्पष्ट होईल.

अनुज्ञेनंतर तपशील येतात आणि त्यांतून त्या काळचे व्यवहारज्ञान दिसते. चंक्रमणाची वाट उंचसखल होती म्हणून ती सपाट करण्यात आली. पाणी साचत होते म्हणून उंच करण्यात आली. पडण्याची भीती होती म्हणून कठडा आला. जंताघर लहान असेल तर चूल एका कडेला, मोठे असेल तर मधोमध. धूर बाहेर जाण्यासाठी धुराडे. आगीने चेहरा भाजू नये म्हणून चेहऱ्यावर लावायची माती. बसायला आसन, पाण्याची टाकी, सांडपाण्याला मोरी. एखाद्या वसतिगृहाच्या बांधकामाची टिपणवही वाचावी, तसे ते वाचताना वाटते.

महावग्गात याहूनही नेमका उल्लेख आहे. पिलिन्दवच्छ या भिक्खूचे अंग वाताने आखडले, तेव्हा स्वेदकर्माची, म्हणजे शेकून घाम काढण्याच्या उपचारांची, अनुज्ञा टप्प्याटप्प्याने देण्यात आली. साध्या शेकाने गुण येईना, तेव्हा पाला घालून घेतलेला शेक. त्याने येईना, तेव्हा महास्वेद. अट्ठकथा सांगते की महास्वेदासाठी पुरुषभर खड्डा निखाऱ्यांनी भरत, त्यावर माती-वाळू पसरत, वर वातहारक पाने अंथरत आणि अंगाला तेल लावून रोगी त्यावर कुशी पालटत पडून राही. तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा गरम पाण्याच्या टाकीत बसण्याचा उपाय आला. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदेत राहिलेल्या ईत्सिंग या चिनी भिक्खूनेही आपल्या वृत्तांतात स्नानाच्या आणि फेऱ्या मारण्याच्या शिस्तीसाठी स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. श्रीलंकेतील मिहिंतले येथील प्राचीन रुग्णालयाच्या अवशेषांत माणूस निजेल अशा आकाराची दगडी औषधी-स्नानाची द्रोणी आजही पाहायला मिळते. शरीराची निगा हा धम्मजीवनाचाच एक भाग होता, असे हे सारे पुरावे सांगतात.

ऊब नेमके काय करते

आता आधुनिक शास्त्राकडे वळू. व्यायामाआधी शरीर तापवण्याच्या दोन रीती आहेत. चालणे, सावकाश धावणे, हातपाय झुलवणे यांतून स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात. ही हालचालीची ऊब. गरम पाण्याचे स्नान, पायांचा शेक, गरम कपडे यांतून उष्णता बाहेरून मिळते. हिला क्रीडाशास्त्रात पॅसिव्ह वॉर्म-अप म्हणतात. आपण तिला बाहेरची ऊब म्हणू.

दोहोंची शास्त्रीय तुलना जुनी आहे. १९४५ साली कोपनहेगनमध्ये आस्मुसेन आणि ब्यो या संशोधकांनी व्यायामाने, गरम पाण्याच्या फवाऱ्याने आणि विद्युत् उपकरणाने शरीर तापवून सायकल चालवण्याची क्षमता मोजली. स्नायूचे तापमान वाढले की काम लवकर उरकते, असे त्यांना आढळले. त्याची कारणे साधी आहेत. उबदार स्नायूत अंतर्गत घर्षण कमी होते. मज्जातंतूंचा संदेश वेगाने जातो. ऊर्जा देणाऱ्या रासायनिक क्रिया जलद होतात. रक्तातला प्राणवायू पेशींना अधिक सहज मिळतो. विश्रांतीत मांडीच्या स्नायूचे तापमान शरीराच्या आतल्या तापमानाहून थोडे कमी, साधारण ३५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. थंडीत ते आणखी उतरते. हालचाल सुरू झाली की पहिल्या तीन ते पाच मिनिटांत ते झपाट्याने चढते आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावते. स्नायूच्या तापमानातील प्रत्येक अंशामागे झटक्याच्या शक्तीत साधारण २ ते ५ टक्के फरक पडतो, असे मानले जाते.

१९८७ साली सार्जंट या संशोधकाने केलेला प्रयोग थंडीतल्या कवायतीचे चित्रच डोळ्यांपुढे उभे करतो. त्याने माणसांचे पाय वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात ठेवले आणि मग त्यांना वीस सेकंद पूर्ण ताकदीने सायकल चालवायला लावली. ४४ अंशांच्या पाण्यानंतर कमाल शक्ती सुमारे ११ टक्के वाढली. १८ अंशांच्या पाण्यानंतर ती सुमारे १२ टक्के आणि १२ अंशांच्या पाण्यानंतर सुमारे २१ टक्के घटली. म्हणजे थंडीने गारठलेल्या मुलाकडून आपण पूर्ण ताकदीची अपेक्षा करतो, तेव्हा त्याच्या ताकदीचा काही हिस्सा थंडीने आधीच काढून घेतलेला असतो. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या मांडीला हात लावून पाहावा. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली : तापलेले स्नायू अधिक शक्ती देतात, पण थकतातही लवकर. उबेचा लाभ थोडक्या वेळाच्या, झटक्याच्या कामाला होतो. दीर्घ पल्ल्याच्या धावण्याआधी सारे शरीर तापवून ठेवले तर उलट दमछाक लवकर होते.

ठणका : अंग का आंबते

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येऊ. नवा किंवा अनेक दिवसांनी केलेला व्यायाम झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते, मांड्या भरून येतात. हा ठणका साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो. स्नायूत आम्ल साचल्यामुळे तो होतो, असा समज आजही मैदानावर ऐकू येतो. पण ते लॅक्टिक आम्ल व्यायामानंतर तासाभरात बहुतांशी निघून जाते. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याला ते जबाबदार कसे असेल? १९०२ सालीच थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने असे मांडले होते की या ठणक्याचे मूळ स्नायूच्या आत होणाऱ्या सूक्ष्म फाटण्यात असावे. पुढील संशोधनाने त्यात भर घातली. स्नायू आखडत असताना जेवढी इजा होते, त्याहून कितीतरी अधिक इजा तो भार पेलत पेलत लांबत असताना होते. उतारावरून धावणे, उठाबशीत खाली बसणे, जिना उतरणे ही अशी कामे. म्हणून ठणकणाऱ्या मांडीला जिना चढणे जमते, उतरणे मात्र नकोसे होते. “चढता येतं, उतरता येत नाही.” मुलाने शास्त्रच सांगितले होते, आम्हाला ऐकू आले ते सोंग.

आणि ऊसतोडीचे काय? तो कष्टाला सरावलेला होता, हे खरे. पण स्नायूंचा सराव त्या त्या कामापुरता असतो. मोळी वाहणारा खांदा आणि शंभर वेळा खाली बसणारी मांडी यांचा सराव वेगळा. कष्टकऱ्याचे शरीर म्हणजे न दुखणारे शरीर, हा समज ज्यांनी कष्ट केले नाहीत त्यांनी पसरवला. आणि आमच्यासारख्या, कष्टकऱ्यांच्याच घरातून आलेल्या शिक्षकाने तो निमूटपणे उचलला. ऊसतोडीच्या फडावर मात्र माणसे पहाटे कोयता हाती घेण्याआधी शेकोटीभोवती बसून हातपाय शेकतात. त्यांना जे माहीत होते, ते आम्ही शाळेत शिकून विसरलो.

बाहेरची ऊब ठणका टाळते का?

इथे नेमकेपणाने बोलायला हवे, कारण मलमांच्या आणि शेकपट्ट्यांच्या जाहिराती फार पुढचे बोलतात.

व्यायामाच्या लगेच आधी बाहेरून स्नायू तापवला तर नंतरची इजा आणि ठणका हमखास कमी होतो, असे प्रयोगांतून सिद्ध झालेले नाही. काहींत थोडा लाभ दिसला, काहींत काहीच फरक पडला नाही. नोसाका आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र निराळी वाट घेतली होती. त्यांनी दंडाचा स्नायू व्यायामाच्या एक दिवस आधी सूक्ष्मलहरींच्या उपकरणाने तापवला आणि दुसऱ्या दिवशी त्याला इजा करणारा व्यायाम दिला. तापवलेल्या हाताची ताकद अधिक लवकर परतली. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण पेशींच्या स्वभावात आहे. १९६२ साली फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीच्या पेशी चुकून अधिक तापल्यावर त्यांच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. उष्णतेचा धक्का बसला की पेशी स्वतःची डागडुजी करणारी विशिष्ट प्रथिने तयार करते, हे ज्ञान त्या योगायोगातून विकसित झाले. ही प्रथिने घडायला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवसाची ऊब काही करू शकते आणि पाच मिनिटांपूर्वीची ऊब तेच करू शकत नाही, असे समजता येते. पण हा प्रयोगशाळेतला उपाय आहे. वसतिगृहात त्याची नक्कल करण्याचे कारण नाही.

व्यायामानंतरच्या उबेविषयी एक निष्कर्ष उपयोगाचा आहे. २०१७ साली स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात, हातांनी सायकल फिरवून थकलेल्या स्नायूंची क्षमता नंतर उबेत ठेवल्यास लवकर परतली आणि गार केल्यास उशिरा. स्नायूतील साखरेचा साठा भरून निघण्याशी त्याचा संबंध होता. म्हणून दोन सामन्यांच्या मध्ये घामेजल्या मुलांना वाऱ्यात बसवण्यापेक्षा कोरडा सदरा आणि पांघरूण देणे शहाणपणाचे. जोडीला पाणी आणि पोटाला भाकरी, केळे, गूळ काहीतरी हवेच.

आणि हालचालीची ऊब? २००७ सालीच लॉ आणि हर्बर्ट या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५२ निरोगी प्रौढांना उतारावर अर्धा तास उलटे चालवले, म्हणजे मांड्या-पोटऱ्या हमखास दुखतील असा व्यायाम दिला. काहींना त्याआधी दहा मिनिटांचा वॉर्म-अप दिला, काहींना नंतर शरीर निववणाऱ्या सावकाश हालचाली दिल्या. वॉर्म-अप केलेल्यांचा ४८ तासांनंतरचा ठणका १०० मिलिमीटरच्या मोजपट्टीवर सरासरी १३ मिलिमीटरने कमी भरला. नंतरच्या हालचालींचा तसा लाभ दिसला नाही. लाभ मोठा नाही, पण आहे. आणि तो वॉर्म-अप कशाचा होता? साध्या चालण्याचा. इथे आम्हाला जीवकाची जोडी आठवते. जंताघराला त्याने चंक्रमणाची साथ दिली होती.

ठणक्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय मात्र कोणत्याही उबेत नाही. तोच व्यायाम थोडा थोडा, आठवडाभराच्या अंतराने वाढवत नेला की स्नायू स्वतःच कणखर होतो. पहिल्या वेळेचा ठणका दुसऱ्या वेळी पुष्कळ कमी होतो. सुट्टीवरून परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी दहा उठाबशा, आठवड्याने वीस. शंभर कधीच नाहीत, आणि शिक्षा म्हणून तर एकही नाही. व्यायामाची शिक्षा केली की मूल व्यायामाचाच द्वेष करायला शिकते.

भरतीच्या रांगेतले गारठलेले पाय

आपल्या माजी विद्यार्थ्यांतील पुष्कळजण पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर, दोघांसाठी १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचण्या बहुधा पहाटेपासून सुरू होतात आणि आपला क्रमांक येईपर्यंत रांगेत थांबावे लागते. उमेदवार घाईघाईने वॉर्म-अप उरकतात, अर्ध्या चड्डीवर रांगेत बसतात आणि तासाभराने पळायला उभे राहतात. तोवर कमावलेली ऊब निघून गेलेली असते. वॉर्म-अप थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच स्नायूचे तापमान उतरणीला लागते.

हीच अडचण जगातल्या श्रेष्ठ खेळाडूंपुढेही होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी ब्रिटनच्या सायकलपटूंनी शर्यतीपूर्वीच्या प्रतीक्षेत विजेवर तापणाऱ्या विजारी वापरल्या. लफबरो विद्यापीठातील फॉकनर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा विजारीमुळे कमाल शक्ती सुमारे ९ टक्के अधिक मिळाली. आपल्या मुलांना ती विजार परवडणार नाही. तिचे तत्त्व मात्र फुकट आहे. बाहेरची ऊब इथे हालचालीची जागा घेत नाही, हालचालीने मिळवलेली ऊब राखते. जाड ट्रॅक-पँट, स्वेटर, गुडघ्यांवर घोंगडी, पायांत मोजे हे क्रमांक पुकारेपर्यंत अंगावर असू द्यावेत. क्रमांक दहा-पंधरा मिनिटांवर आला की चालणे, संथ धावणे, दोन-तीन छोट्या वेगवान धावा घ्याव्यात. १०० मीटर आणि गोळाफेकीला ही ऊब विशेष उपयोगी. १६०० मीटरसाठी मांड्या उबदार हव्यात. सारे अंग तापलेले नको.

उष्णतेची मर्यादा

विनयपिटकात जंताघराचे नियम ज्या प्रसंगातून आले, तो प्रत्येक वसतिगृहाने लक्षात ठेवावा. थेर भिक्खूंनी मज्जाव केला म्हणून छब्बग्गिय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उच्छृंखल भिक्खूंनी चुलीत भरपूर लाकडे घातली, आग पेटवली, दार बंद केले आणि दाराशी बसून राहिले. आतले थेर उष्णतेने कासावीस झाले, त्यांना दार सापडेना आणि ते मूर्च्छित होऊन पडले. त्यानंतर जंताघरातील वर्तनाचे नियम घालून देण्यात आले : आत जाणाऱ्याने राख काढावी, झाडावे, थेरांना खेटून बसू नये आणि नवख्यांना आसनावरून उठवू नये, निघताना चिखल धुऊन, आग विझवून, दार लावून जावे.

या कथेचा धडा आजही तोच आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. शेकाचे पाणी ३८ ते ४० अंशांच्या पुढे नको. तापमापक नसेल तर मोठ्या माणसाने कोपर बुडवून पाहावे, कोपराला सुखद वाटले पाहिजे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. ताप असेल, मुरगळून नुकतीच सूज आली असेल, मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल, तर शेक देऊ नये. हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात बसू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेरच्या उबेचे नावच काढू नये. तिथे सावली, पाणी आणि पहाटेची वेळ हाच वॉर्म-अपचा भाग. आणि एक धोक्याची खूण प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी : अतिव्यायामानंतर स्नायू फार सुजले, असह्य दुखू लागले आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर ते साधे अंग आंबणे नव्हे. स्नायू मोडून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडावर घाला घालत असतात. अशा वेळी शेक नको, तेल नको. तडक रुग्णालय गाठावे.

विसावा हा अधिकार

आम्ही इतिहास शिकवतो, म्हणून एक ऐतिहासिक सत्य नोंदवून ठेवतो. कष्टकऱ्याच्या शरीराला विसावा हवा, ही गोष्ट दयेवर सोपवली तर ती कधीच मिळत नाही. तिचा कायदा करावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचे कमाल साप्ताहिक तास ५४ वरून ४८ वर आले. थकलेल्या स्नायूला परत उभे राहण्यासाठी वेळ लागतो, हे शरीरशास्त्र. तो वेळ मजुराचा हक्क आहे, हे बाबासाहेबांचे राजकारण. दोन्ही एकाच सत्याच्या बाजू आहेत.

विनयात आचार्य आणि शिष्य यांची कर्तव्ये दुहेरी सांगितली आहेत. शिष्याने उपाध्यायाच्या स्नानाची तयारी करावी, आणि शिष्य आजारी असेल तर उपाध्यायाने शिष्याची करावी. त्याला थंड पाणी हवे असेल तर थंड, ऊन हवे असेल तर ऊन. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघात गुरूने शिष्यासाठी पाणी तापवणे कमीपणाचे मानले गेले नाही. ज्या समाजाला पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या शाळेत ऊन पाण्याची बादली ही चैन ठरवली जाऊ नये.

वसतिगृहासाठी चार गोष्टी

एक : हिवाळ्यात कवायतीआधी हातपाय धुण्यापुरते तरी ऊन पाणी मिळावे. बंब पेटवण्याची पाळी शिक्षकांनीही घ्यावी.

दोन : मैदानात आल्यावर पहिली दहा मिनिटे फक्त चालणे आणि संथ धावणे. हेच आमचे चंक्रमण. ऊन पाणी मिळाले म्हणून ही दहा मिनिटे गाळू नयेत.

तीन : सुट्टीनंतरचा पहिला आठवडा निम्म्या व्यायामाचा. उठाबशांची शिक्षा कायमची बंद.

चार : मूल दुखते म्हणाले की आधी ऐकावे, मग पाहावे, आणि ठरवावे सर्वांत शेवटी.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. कुठे आहे, हे आम्हाला ठाऊक नाही; ही स्मरणिका त्याच्या हाती पडेलही. पडली, तर त्याने एवढे वाचावे : तू खरे बोलला होतास. जिना उतरताना आम्ही तुझा हात धरायला हवा होता.